बीएएमएसला ॲडमिशन घेताय? श्लोक पाठ होतील हो, आधी झाडं ओळखायला शिका

नीटचा निकाल लागला की दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई बीएएमएस (आयुर्वेदाची डॉक्टरकी) मिळतंय, घेऊ का? एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे वळणारे बरेच असतात, मीपण त्यातलीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तर दरवेळी फोनवर जे सांगते तेच एकदा नीट लिहून टाकते.

कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. 2021-22 च्या बॅचपासून दीड दीड वर्षाचे तीन प्रॉफ (म्हणजे परीक्षेचे टप्पे) झालेत, त्यामुळे आमच्या वेळचं टाइमटेबल विचारून उपयोग नाही, विषय मात्र साधारण तेच आहेत.

फर्स्ट प्रॉफला सगळे संस्कृतला घाबरतात. मी सेमी इंग्लिशवाली, आठवीनंतर संस्कृत सोडलेलं, पहिले दोन महिने वर्गात नुसती मान हलवायचे. नंतर कळलं की अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागातले 30 अध्याय डोळ्यांनी वाचून डोक्यात जातच नाहीत, मोठ्याने चालीवर म्हटले की आपोआप बसतात, आणि अन्वय (श्लोकातले शब्द सरळ वाक्याच्या क्रमात) लावता आला की अर्धं काम झालं. रचना शारीरला, म्हणजे ॲनाटॉमीला, डिसेक्शन असतं. सुश्रुताने सांगितलेली पद्धत वाचा कधीतरी, प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कूर्चाने (कुंचल्याने) हळूहळू घासत एकेक थर बघायचा. त्यापुढे आमचा फॉर्मॅलिनचा वास म्हणजे काहीच नाही.

खरी मजा (आणि खरी फजिती) द्रव्यगुणमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या विषयात. हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या पानांच्या संग्रहासाठी) 'अशोक' हवा होता, मी आपली आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी सरळसोट वाढलेल्या अशोकाची पानं तोडली, पेपरात दाबून वाळवली, शीटवर चिकटवली, खाली सुवाच्य अक्षरात स्त्रीरोगातले उपयोग लिहिले. सरांनी शीट हातात घेतली आणि एवढंच विचारलं, याला फुलं कोणत्या रंगाची येतात गं? मला येईना. औषधातला सीता-अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल गुच्छ येतात. आपण रस्त्याकडेला लावतो तो शोभेचा, त्याची फुलं हिरवट, आणि दोघांचं कूळसुद्धा एक नाही. शीट परत. गंमत म्हणजे बाजारात अशोकाची साल म्हणून ह्याच शोभेच्या झाडाची साल खपवली जाते, म्हणजे चूक एकट्या माझीच नव्हती.

आणि असं एकच द्रव्य नाही. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांना जी वेल माहितीये ती मंडूकपर्णी, शास्त्रातली ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागी पसरणारी जाडसर बारीक पानांची जलब्राह्मी. शंखपुष्पी म्हणून केरळात गोकर्ण वापरतात. रास्ना उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी. ह्याला संदिग्ध द्रव्य म्हणतात, परीक्षेला पाच मार्कांचा प्रश्न असतो आणि सगळे तो ऑप्शनला टाकतात. टाकू नका. गुळवेलीचंच बघा, कोविडमध्ये घराघरात काढा झाला, मग 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला त्रास झालेल्या पेशंटचे रिपोर्ट छापले, त्यावर आयुष मंत्रालयाने सांगितलं की तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद अजून चालूच आहे, त्यात मी पडत नाही, पण पेशंट कुंपणावरची वेल घेऊन ओपीडीत आला तर तुम्हाला तरी ती ओळखता यायला हवी ना? त्या दुसरीच्या खोडावर ठळक चामखिळीसारखे उंचवटे असतात, एकदा हात फिरवला की विसरत नाही.

चरकाने पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलंय की वनस्पती नावारूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या आणि गुरं राखणारे. लगेच पुढे हेही म्हटलंय की नुसतं नाव-रूप माहीत असून भागत नाही, कुणाला, कधी, किती द्यायचं ते कळलं पाहिजे. ते कॉलेजात शिकवतात, पण ओळखायला बाहेरच जावं लागतं. आमच्या स्टडी टूरला एका शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी अर्ध्या तासात जेवढी झाडं दाखवली तेवढी मला फोटो बघून वर्षभरात कळली नव्हती. आणि चव घ्या (विषारी नाही याची खात्री करून आणि सरांना विचारूनच). हिरड्यात लवण सोडून पाचही रस आहेत हे पाठ करणं वेगळं आणि तुकडा चघळून आधी तोंड तुरट होणं वेगळं. सुंठ तिखट असून विपाक (पचनानंतरचा रस) मधुर कसा, हा व्हायवाचा लाडका प्रश्न.

रसशास्त्र-भैषज्यकल्पनेत, म्हणजे औषधं बनवण्याच्या विषयात, प्रमाणं पक्की करा. काढ्याला एक भाग भरड, सोळा भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा. तेलाला कल्क (वाटलेल्या औषधाचा गोळा) एक, तेल चार, द्रव सोळा, आणि तेल झालं की नाही ते घड्याळावर नाही, कल्काची बोटांत वात वळते का आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडायची थांबते का त्यावर ठरतं. बिब्ब्याच्या शोधनाला (विषारीपणा कमी करण्याच्या प्रक्रियेला) आम्ही तो विटेच्या चुऱ्यात घोळत होतो, मी शहाणपणा करून ग्लोव्ह्ज काढले, दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत फोड. त्यानंतर आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात असं कुणी म्हटलं की मला मनगट खाजल्यासारखं होतं. बिब्बा, बचनाग ही कायद्याच्या शेड्यूल ई-वन या विषारी द्रव्यांच्या यादीतली आहेत, शोधन उगाच सांगितलेलं नाही.

करिअरचं विचाराल तर एमडी-एमएससाठी पुन्हा एंट्रन्स, तीन वर्षं. शल्य-शालाक्यवाल्यांना (सर्जरी आणि डोळे-कान-नाक-घसा यांत एमएस करणाऱ्यांना) 2020 च्या अधिसूचनेने 58 प्रोसिजर्स लिहून दिल्यात, त्यावर एवढी भांडणं झालीत की मी काही बोलत नाही. बरेच जण ॲलोपॅथी हॉस्पिटलात आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून नाइट करतात, पोटाचा प्रश्न असतो, हसू नका कुणाला. पण ते करताकरता पाच वर्षांत एकही काढा लिहिला नाही असेही मित्र आहेत माझे, त्यांना आता लिहायची भीती वाटते.

पुस्तकं सीनियरकडून जुनी घ्या, नवी घेऊ नका. एक हँड लेन्स घ्या. आणि बिब्ब्याच्या प्रॅक्टिकलला फुल बाह्यांचा ॲप्रन घालून जा.