इसार घेण्यापूर्वी मोजणीची ‘क’ प्रत काढून घ्यावी

नागपुरात बेसा, हुडकेश्वर यांसारख्या भागांतील ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन मालक बाहेरगावी राहतो, आणि त्यावर कोणी टिनाचे शेड टाकले आहे हे त्याला विक्रीच्या वेळी, इसार घेऊन झाल्यावर कळते.

म्हणून इसारचिठ्ठी करण्यापूर्वीच भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करावा. मिळणाऱ्या ‘क’ प्रतीच्या नकाशावर अभिलेखातील हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसत असल्याने नोटीस, तडजोड किंवा दावा, यांपैकी काहीही करायचे झाले तरी हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो.

ताबा नुकताच गेला असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा दाखल करावा. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, आपला ताबा होता आणि तो संमतीशिवाय व कायदेशीर मार्गाने न जाता काढून घेतला गेला, एवढे दाखवणे पुरेसे ठरते. ही मुदत उलटली तरी मालकीच्या आधारे दावा करता येतो, मात्र प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाच्या हक्काला न जुमानता उघडपणे व सलग ठेवलेल्या ताब्याची, १२ वर्षे पूर्ण होऊ देणे फार महागात पडते, कारण त्यानंतर मालकाचा हक्कच जाऊ शकतो.

शेड स्वतः माणसे नेऊन पाडू नये, आणि जागा रिकामी झाल्याशिवाय खरेदीखतात ‘मोकळा ताबा दिला’ हे वाक्य येऊ देऊ नये.