अधूनमधून होणारी कूलंटची गळती कशी शोधावी

जुन्या व्हॅनमधले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कधी कमी होते, कधी होत नाही, अशी तक्रार आली की शिकाऊ मेकॅनिक इंजिनावरची सीट उचलून ओल शोधतो आणि ती दिसली नाही तर अंदाजाने कूलंट फिरवणारा वॉटर पंप बदलायला निघतो. गॅरेजमध्ये बरीच वर्षे काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की अशी गळती लहरी नसते. ती ठरावीक तापमानाला आणि ठरावीक दाबालाच होते, त्यामुळे कोणताही भाग बदलण्याआधी ती परिस्थिती आपल्यासमोर घडवून आणता आली पाहिजे.

त्यासाठी आधी मालकाला नीट विचारावे: पातळी घाट चढल्यावर उतरते, की गाडी रात्रभर उभी राहिल्यावर? गरम इंजिनातून झिरपणारे कूलंट तापलेल्या धातूवरच वाफ होऊन जाते आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. थंडीत याच्या उलट होते. जुना रबरी होज (कूलंट वाहून नेणारी नळी) कडक होतो, त्याला आवळणाऱ्या क्लिपची पकड सैल पडते आणि सकाळी गाडीखाली ओल दिसते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे, कारण गरम असताना दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा भाजू शकतो. झाकणाचे रबर आणि स्प्रिंगही तपासावी. झाकणावर 0.9 असे छापलेले असेल तर ते 0.9 बार दाब धरते, आणि प्रेशर टेस्टरने (झाकणाच्या जागी बसवायचा, दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप) तेवढाच दाब द्यावा. जास्त दिल्यास जुना रेडिएटर फुटण्याची भीती असते.

माझ्याकडे आलेल्या एका व्हॅनमध्ये दुपारी टेस्टरचा काटा हलत नव्हता. तीच गाडी रात्रभर बाहेर ठेवून पहाटे, इंजिन चालू न करता, पुन्हा दाब दिला तेव्हा काटा हळूहळू उतरू लागला. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहिले, तर थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) ॲल्युमिनियमच्या नळीवर, होजच्या कडेलगत, वाळलेल्या कूलंटची पांढरट हिरवी रेघ होती. होज काढल्यावर आत नळीला गंजाचे खड्डे पडलेले दिसले. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी भरल्यावर बहुधा असेच होते. नुसती क्लिप आवळून ही गळती थांबली नसती. नळीच बदलावी लागली.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राजवळ अशीच रेघ असेल तर पंपाचे सील गेले आहे असे समजावे. बाहेर कुठेच खूण नसेल, थंड इंजिन चालू करताच होज टणक होत असतील किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा थर) संशय घ्यावा.

काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. ते गोडसर आणि विषारी असल्याने कुत्री पिऊन मरतात. दुरुस्तीनंतर आधी ज्या वेळी गळती सापडली होती त्याच वेळी, तितक्याच थंड इंजिनावर पुन्हा दाब द्यावा आणि काटा स्थिर राहिला तरच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.