कुळाचा माग चवथीपासून काढा

गणेशचवथीला आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी भाऊबंद जमतात, तेव्हा मी वही घेऊन आत्याजवळ बसतो. "पणजोबांचं नाव काय?" विचारलं की ती अडखळते. "तुझ्या लग्नात कोण रुसलं होतं?" विचारलं की तीन पिढ्या बाहेर पडतात.

मग कुलदेव. मंगेशाचं लिंग 1560 साली कुशस्थळीहून प्रियोळला आणलं. म्हणजे देऊळ अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात, असलं तरी तुमचं मूळ गाव जुवारी नदीपलीकडे असू शकतं. देवस्थानाची महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत मानकरी घराण्यांची, यादी जरूर बघा. पोर्तुगीज कागदांत शेणवी आडनाव 'सिनाय' होतं, प्रभू 'पोरोबो'. हे ठाऊक नसल्याने मी दोन महिने फुकट घालवले! जन्म-लग्नाच्या नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे, जुनी कागदपत्रं पणजीच्या पुराभिलेखागारात.

फोटोंचा खरा वैरी आपला पाऊस. आजोबांचा फोटो दमटपणाने काचेला चिकटला होता. मी ओढला आणि त्यांचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. तुम्ही ओढू नका, काचेसकटच त्याचा कॅमेऱ्याने दुसरा फोटो टिपून घ्या. सुटे फोटो कोरड्या दिवसांत, मे संपायच्या आत, 600 डीपीआयवर स्कॅन करा. पाठीमागे नावं मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन नकोच. आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डबा आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. माळ्यावर नव्हे, तिथे वाळवी आधी पोचते.