आवर्तसारणी पाठ करू नका, मांडून बघा

तासगावात आमची द्राक्षबाग आहे आणि मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आवर्तसारणी म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता; त्यातली 118 मूलद्रव्यं पाठ करा, असं मी कधीच सांगत नाही.

जुन्या लग्नपत्रिकांची 20 कार्डं कापा. प्रत्येकावर पहिल्या 20 पैकी एक मूलद्रव्य, त्याचा अणुअंक (प्रोटॉनची संख्या) आणि इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणुकेंद्राभोवतीच्या प्रत्येक कवचात आतून बाहेर किती इलेक्ट्रॉन, ते लिहा. सोडियम 2, 8, 1. पोटॅशियम 2, 8, 8, 1. आता शेवटचा आकडा सारखा असलेली कार्डं एकाखाली एक लावा. फक्त हेलियम निऑनच्या वर ठेवा, कारण त्याचं कवच दोनातच भरतं.

हे उभे रकाने म्हणजे गण, माझ्या भाषेत घराणी. सोडियम-पोटॅशियमला बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो, क्लोरिनला एकच कमी पडतो. म्हणून तर मीठ होतं. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगावर आपण फवारतो ते गंधक ऑक्सिजनच्या घराण्यातलं. हे कळलं की मुलांचे डोळे चमकतात, आणि त्यासाठीच मी शिकवते.

शेवटी एक कार्ड लपवा. शेजाऱ्यांवरून त्याचे गुणधर्म मुलांना सांगू द्या. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं 1869 च्या आपल्या आवर्तसारणीत अशाच जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एका जागेवर 1875 मध्ये गॅलियम सापडलं.