आधी बुंध्याशी बोट घाला, पान नंतर बघा

गेल्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) फोन आला. "पानां पिवळीं जाल्यांत, खंयचें वखद मारूं?" मी उलट विचारलं, वहिनी, वाफ्यातलं पाणी बाहेर कुठून जातं? त्या हसल्या. बाग उतारावरच आहे, जाईल कुठूनही.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. पोफळींच्या सावलीत माडीचे (गड्ड्याच्या अळवाचे) आठ वाफे, बाजूला शेडनेटखाली अँथुरियमच्या दोनेकशे कुंड्या. वाफ्यांमधला चर गळलेल्या पानांनी आणि गाळाने भरून वाफ्याच्या बरोबरीला आलेला. एका अळवाच्या बुंध्याशी दोन बोटं खुपसली तर गड्डा मऊ भातासारखा दबला आणि बोटांना आंबूस वास आला. पान नुसतं धरून ओढलं तर देठासकट हातात. टॉनिकची बाटली मात्र आधीच येऊन पोचली होती, नऊशे रुपयांची. पान हिरवंगार होईल असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारलेली. मूळच कुजलं असेल तर पानावर मारलेलं टॉनिक पिणार कोण?

उतार आहे म्हणजे पाणी जातंच, हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा समज. आपली माती जांभ्याची. वरचा थर भुसभुशीत, पाणी झटकन पितो. खाली कातळ किंवा घट्ट थर लागला की तेच पाणी आडवं सरकतं आणि खालच्या पायरीच्या पोटात निघतं. म्हणजे वरच्या मेरेचं (बांधाचं) पाणी तुमच्या झाडाच्या मुळाशी येऊन बसतं आणि वरून वाफा कोरडा दिसतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी नुसत्या उताराच्या भरवशावर सोडता येत नाही.

म्हणून चर दोन हवेत. एक वाफ्यांमधला, तो सगळे काढतात आणि जुलैत विसरतात. दुसरा पायरीच्या वरच्या अंगाला, दरड जिथे वाफ्याला टेकते तिथे, निदान दीड फूट खोल. हा दुसरा चर मी दहा बागांत शोधला तर एखाद्याच बागेत सापडतो. त्याचं तोंड व्हाळाकडे (ओढ्याकडे) न्या, शेजाऱ्याच्या वाफ्याकडे नको, त्यावरून होणारी भांडणं मी पुरेशी पाहिली आहेत. चरातून निघालेली माती फेकू नका, माडीच्या वाफ्यावर चढवा. भर घालायची असतेच, दोन कामं एका कुदळीत होतात. फक्त बुंध्याला ओलं शेण किंवा अर्धं कुजलेलं खत लावू नका.

अँथुरियमचं उलट. त्याची मान उघडी हवी. सोडण (नारळाचं साल) आणि विटांच्या तुकड्यांत झाड सैल बसलेलं असावं. कुंडी जड झाली, वर शेवाळ आलं, की भोकातून बोटभर काडी घालून बघा, मुळांनी भोक बंद केलेलं असतं. कुंडीखालची बशी पावसाळाभर काढून ठेवा आणि कुंडी फुटक्या कौलाच्या दोन तुकड्यांवर टेकवा.

सध्या घाई कशाची, तर उघडिपीची. पाच-सहा दिवस झड, मग दोन दिवस कडक ऊन, पुन्हा झड. ऊन पडलं की जमीन तापते पण ओल तशीच राहते, आणि बुडकुजीच्या बुरशीला नेमकं हेच हवं असतं. माझा अंदाज आहे, पुस्तकात दाखवता येणार नाही, की मोठ्या झडीनंतर ऊन पडल्याच्या तिसऱ्या दिवशी झाडं मान टाकतात. तेव्हा उघडीप दिसली की पंप खांद्यावर घेऊ नका, कुदळ घ्या.

आता ओळख. बुंध्याशी पांढरे रेशमी धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशीची बुडकूज. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. झाड गड्ड्यासकट आणि भोवतालच्या वीतभर मातीसकट पिशवीत भरून बाहेर काढा. खताच्या खड्ड्यात नको, व्हाळात तर अजिबात नको, खालच्या सगळ्या बागांना प्रसाद मिळतो.

अळवाच्या पानावर पाण्याने भिजल्यासारखे गोल डाग, सकाळी डागाच्या कडेला पांढरी बुरशी आणि वर नारिंगी थेंब, हा पानकरपा. रात्री गार, हवा दमट असली की चार-पाच दिवसांत वाफा जाळतो. डागाळलेली पानं पहाटे न तोडता दव सुकल्यावर तोडा, नाहीतर बीजाणू तुमच्याच हातांनी फिरतात. गड्ड्यासाठी लावलेल्या पिकावर मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण लिटरला 2 ग्रॅम. ज्याची पानं फदफद्यात (अळवाच्या भाजीत) जाणार आहेत त्यावर काहीही मारू नका, रोगट पान तोडा आणि दाटी विरळ करा.

अँथुरियमच्या पानाच्या कडेने ओले डाग येऊन भोवती पिवळी कडा धरली तर तो जिवाणूजन्य करपा. याला औषध नाही. झाड उपटा, फुलं कापायची कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा, वरून पाणी मारणं बंद. बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) इथे नको, तांब्याने अँथुरियमची पानं-फुलं भाजतात. पान कागदासारखं वाळून फक्त उन्हाच्या बाजूला तपकिरी झालं असेल तर रोग नाही, नेट फाटलं आहे.

पोफळीवर मिरवेल असेल तर तिचाही बुंधा त्याच पाण्यात उभा असतो. पानं काळी पडून पटापट गळत असतील तर 1 टक्का बोर्डो फवारा आणि बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात वेलीमागे 5 ते 10 लिटर ओता. बोर्डो घरीच करा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगळे विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. भांडं प्लास्टिकचं. घासलेला कोयता मिनिटभर बुडवा, तांबूस झाला तर चुना कमी आहे. त्याच दिवशी संपवा. तयार बाटलीपेक्षा हे किती स्वस्त पडतं याचा हिशोब स्वतःच करून बघा.

होस्टा या शोभेच्या पानझाडाबद्दल दोन शब्द, कारण विलायतेहून सुट्टीला आलेली मुलं त्याचे गड्डे पिशवीतून आणतात आणि मग मला फोटो येतात. झाड देखणं आहे, मूळचं चीन, जपान, कोरियाकडचं. पण त्याला हिवाळ्यात पानं गाळून थंडीत झोपावं लागतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली जात नाही, झोप कसली लागणार? पहिल्या वर्षी चार पानं येतात, दुसऱ्या वर्षी दोन, पुढे गड्डा कुजतो. तुमच्या हातात दोष नाही, पैसे घालवू नका. निळ्या पानांच्या होस्टाचं बी विकणाऱ्यांना तर दारात उभं करू नका. गंमत म्हणजे थंड देशांतही होस्टाला हीच बुडकूज गाठते, आणि पानांची चाळण करतात गोगलगायीच. सावलीत मोठं पान हवं असेल तर कॅलेडियम, अग्लोनेमा, पीस लिली लावा.

गोगलगायींचं सांगायलाच हवं. पानाला वेडीवाकडी भोकं आणि सकाळी चंदेरी रेघ दिसली की अळीचं औषध मारायला धावू नका. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा. ओल्या गोणपाटाखाली पपईची पानं ठेवा, पहाटे गोण उचला, हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाका. नुसत्या हाताने आफ्रिकन गोगलगाय धरू नये, तिच्यात माणसाच्या मेंदूला त्रास देणारा कृमी असू शकतो. लहान शेंबड्या गोगलगायींसाठी करवंटीत शिळा सूर (माडाची ताडी) ओतून ती मातीच्या पातळीत पुरा, रात्रीत भरते. मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बाकीची नेहमीची कामं:
- खालची पिवळी पानं काढणं
- तण बुंध्यापासून वीतभर दूर ठेवणं
- पोफळीच्या गळलेल्या पानांची आठवड्याला सफाई
- शेडनेटवरचा कचरा झाडणं
- युरिया पाऊस ओसरेपर्यंत बंद
- 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी), 10 किलो निंबोळी पेंड, 90 किलो कुजलेलं शेणखत कालवून सावलीत ओलसर झाकून ठेवणं, पंधरवड्याने झाडाला देणं
- तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा यांत 15 दिवसांचं अंतर

वहिनींच्या आठांपैकी तीन वाफे गेले. उरलेल्यांत दीर आणि मुलगा दोघांनी मिळून एका दुपारी दोन्ही चर काढले. संध्याकाळपर्यंत दरडीच्या चरातून मनगटाएवढी धार चालू होती, त्या दिवशी पाऊस नसतानाही. माटोळीला (चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) घरची माडी बांधता येईल एवढं वाचलं असावं. तुमच्याही वाफ्यात पिवळं पान दिसलं तर मला फोटो पाठवण्याआधी चर उघडा, तासाभराने त्यातून पाणी वाहतंय का ते बघा, आणि मग फोन करा.