लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचं ऑइल

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की जुन्या गाडीत सरसकट जाड इंजिन ऑइल घालायचा सल्ला मिळतो. आधी मॅन्युअल उघडा. त्यात ५डब्ल्यू-३० या ग्रेडसोबत (ग्रेड म्हणजे ऑइल किती दाट ते) १०डब्ल्यू-४० चालेल असं असेल आणि गाडी ऑइल पीत असेल, तरच ४० वर जा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा. नंतरचा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो, आपल्या उन्हाळ्यात तोच महत्त्वाचा. इंजिनाचं सील (ऑइल बाहेर येऊ न देणारं रबर) कडक होऊन ऑइल पाझरत असेल तर ‘हाय मायलेज’, म्हणजे जास्त किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठीचं ऑइल घ्या, त्याने रबर थोडं मऊ होऊन फुगतं. फाटलेलं सील मात्र बदलावंच लागतं. आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) दर आठवड्याला, सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने बघा.