बोटीच्या इंजिनात पाणी शिरतं कुठून? आपल्याकडच्या नव्या डिझेल मेकॅनिकांसाठी

पावसाळ्यात खानापूर तालुक्यात कुठल्याही गावात जावा, अंगणातल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घातलेला दिसेल. का म्हणून विचारलं तर शेंबडं पोरगंही सांगेल, पाणी आत गेलं तर इंजिन जाम होतंय की. एवढं ज्याला कळलं त्याला बोटीच्या इंजिनाचं निम्मं काम कळलं. उरलेलं निम्मं अवघड आहे. ट्रॅक्टरला पाणी वरून येतं. बोटीत ते मागून येतं, खालून येतं, आणि कधी कधी इंजिनाचा स्वतःचा पंपच ते आत आणून ओततो.

मी बेळगावात आयटीआय केलं, मेकॅनिक डिझेल, एक वर्षाचा ट्रेड. मग उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये दीड वर्ष काढलं आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत मांडवीकाठच्या एका बोटयार्डात जाऊन पडलो. आपल्याकडची पोरं गोव्याला जातात ती बहुतेक हॉटेलात, नाहीतर सेंट्रिंगच्या कामावर. यार्डाचा विचार कुणी करत नाही. मी होतो तेवढ्या वर्षांत तिथं माणूस कायम कमीच पडत होता.

पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीनं विचारलं, "वडील काय करतात?" म्हटलं, गवंडी. "मग लेव्हल पाईप माहीत असणार. घेऊन ये."

लेव्हल पाईप म्हणजे गवंडी दोन जागांची उंची जुळवायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिचं सांगण्याआधी बोटीची रचना थोडक्यात सांगतो. इनबोर्ड इंजिन बोटीच्या पोटात असतं. बाहेरचं पाणी सीकॉकमधून, म्हणजे बोटीच्या तळाला बसवलेल्या कॉकमधून, आत येतं, रबरी पात्यांचा पंप ते ओढतो, इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवतो आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे धुराच्या पाइपाच्या वाकड्या तुकड्यात, सोडतो. तिथं धूर थंड होतो, म्हणून पुढं लोखंडी पाइपाऐवजी रबरी होज चालतो. पाणी आणि धूर दोन्ही वॉटरलॉक नावाच्या डब्यात उतरतात. धुराचा दाब ते पाणी वर उचलतो, गूजनेकच्या, म्हणजे होजच्या वर उचललेल्या वाकड्या मानेच्या, उंचवट्यावरून नेतो आणि मागच्या बाजूनं बाहेर फेकतो. नीट बघा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर आपण मुद्दाम पाणी सोडतोय. धुराचा दाब आहे तोवर सगळं ठीक. इंजिन थांबलं की त्या पाण्याला वाट दाखवणारं कुणी नसतं.

आता पाईप. मिस्त्रीनं पाण्यानं भरलेला पाईप काठावरून आत घेतला. एक टोक बाहेर नदीत बुडवलेलं, दुसरं इंजिनाशेजारी हातात उभं धरलेलं. आतलं पाणी हललं, डुचमळलं आणि एका जागी थांबलं. तिथं त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. "ही बाहेरची नदी." मग हातातलं टोक रेघेच्या खाली नेलं आणि पाणी भळाभळा माझ्या पायावर. "पंप कुठाय? सेल्फ कुठाय? तरी येतंय की नाही?"

सायफन म्हणजे काय हे मला ड्रममधून डिझेल काढताना माहीत होतं, पण नदीच आपल्या पोटात सायफन होऊ शकते हे त्या दिवशी पायाला कळलं. पाणी एल्बोत जिथं सोडलं जातं ती जागा त्या रेघेच्या खाली असेल, तर इंजिन बंद झाल्यावरही पाणी झिरपत राहतं. झिजलेल्या पात्यांचा पंप त्याला अडवत नाही. वॉटरलॉक भरतो, मग होज, मग एल्बो, आणि रात्रीत ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय तो.

म्हणून कुठल्याही बोटीत उतरलात की आधी ही उंची मोजा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत हिशोब असा येतो की पाणी सोडायची जागा पाण्याच्या रेघेपेक्षा निदान १५ सेंटिमीटर वर हवी. तेवढी नसेल तर पाण्याचा होज रेघेच्या वर निदान ३० सेंटिमीटर उचलायचा, शिखरावर हवा आत घेणारा अँटी-सायफन व्हॉल्व्ह बसवायचा आणि मग एल्बोकडे उतरवायचा. त्या त्या इंजिनाचं पुस्तक मात्र उघडून बघाच. आणि मोजमाप भरल्या बोटीत घ्या. माझ्या हाताखालची एक प्रवासी बोट रिकामी असताना १८ सेंटिमीटर दाखवत होती. टाकी भरली, २५ माणसं बसवली आणि पाईप पुन्हा धरला तर ११. होजचा हा वर उचललेला लूप शक्यतो बोटीच्या मध्यरेषेजवळ बांधा. कडेला बांधला तर बोट कलली की लूपची उंची जाते.

त्या व्हॉल्व्हवर लोकांचा भलताच राग असतो. मिठानं तो अडकतो आणि थेंब थेंब गळायला लागतो, बरोबर अल्टरनेटरवर. मग कुणीतरी शहाणा वरून एम-सील थापून मोकळा होतो. गळती थांबते आणि सायफन सुरू होतो. असे बुजवलेले व्हॉल्व्ह मी तीन बोटींत पाहिलेत. उघडायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, फुंकून बघायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझी चूक. एका बोटीचे डिझेल फिल्टर मी बदलले आणि डिझेलच्या लाइनमधली हवा नीट काढली नाही. इंजिन काही घेईना. मी सेल्फ मारत राहिलो. दहा-बारा सेकंद, थोडं थांबून पुन्हा, असं बऱ्याच वेळा. सीकॉक उघडाच होता. इंजिन सुरू नसलं तरी फिरत होतं, म्हणजे पंप प्रत्येक फेऱ्याला पाणी ढकलत होता, आणि ते बाहेर फेकायला धूर नव्हता. शेवटी हवा निघाली, मी खुशीत सेल्फ मारला, आणि ठक्. इंजिन जागच्या जागी थांबलं. मला वाटलं बॅटरी उतरली. जंपर लावून आणखी दोनदा मारला.

त्या दोनदा मारण्यानं नुकसान झालं. हवा दबते, पाणी दबत नाही. हिशोब करून बघा: सिलिंडर ४०० सीसीचा आणि कॉम्प्रेशन २० ला १ असेल, तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा जेमतेम २१ सीसी, म्हणजे चार चमचे. पाचवा चमचा पाणी असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, आणि मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्रीनं सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढायला लावले, हातानं क्रँक फिरवली, दुसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी थेट छताला. हेड उतरवून डायल गेज लावला तर दुसरा पिस्टन बाकीच्यांपेक्षा सव्वा मिलिमीटर खाली. रॉड वाकलेला. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. मिस्त्री ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तेव्हापासून इंजिन दोन-तीनदा सेल्फ मारून घेतलं नाही की सीकॉक बंद आणि वॉटरलॉकचा ड्रेन प्लग उघडा. सुरू झालं की त्याच क्षणी सीकॉक उघडायचा, नाहीतर कोरडा पंप थोड्याच वेळात पाती खाऊन टाकतो. आणि ठक् ऐकू आलं तर सेल्फला पुन्हा हात लावू नका. नोझल काढा, हातानं फिरवा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदला, थोडा वेळ चालवा, पुन्हा बदला, तिसऱ्यांदाही बदलावं लागलं तर बदला. पाणी काढून इंजिन लगेच चालवलं तर वाचतं. आठवडाभर तसंच ठेवलं तर गंज उरलेलं काम करतो.

वॉटरलॉकची मापंही बघा. इंजिन बंद झालं की चढत्या होजमधलं पाणी त्यातच परत पडतं. ५० मिलिमीटरचा होज ३ मीटर असेल तर त्यात जास्तीत जास्त जवळजवळ ६ लिटर मावतं. जागा नाही म्हणून कुणी छोटा डबा बसवला असेल तर ते पाणी उलटं एल्बोकडे जातं. एल्बो दर एक-दोन सीझनला उतरवा. मिठानं आतून खाल्लेला एल्बो बाहेरून नवरीसारखा रंगवलेला असतो, स्क्रू ड्रायव्हरनं ठोकल्याशिवाय कळत नाही. बोट दुसऱ्या बोटीनं ओढून न्यायची असेल तर सीकॉक बंद, कारण वेगानं पाणी आपोआप आत रेटलं जातं. मागून लाटा येतात तिथं बाहेरच्या तोंडाला रबरी झडप असलेली बरी, पण भरवसा गूजनेकच्या उंचीवर ठेवायचा.

घरी परतल्यावर वाटलं, हे सगळं आता कशाला लागणार? मग हिडकलच्या धरणातल्या एका बोटीचं काम आलं. कोरडा एक्झॉस्ट, ट्रॅक्टरसारखा सरळ उभा पाईप. पावसाळाभर उभी होती, पाईपचं तोंड आभाळाकडे. इंजिन जाम. मालकाच्या घरी ट्रॅक्टर होता, त्यावर डबाही होता. बोटीवर का नाही घातला म्हणून विचारलं तर म्हणाला, "बोट पाण्यातच असत्या की ओ, तिला पावसाचं काय?" झाकण बसवलं, पाइपाच्या तळाला पाणी सोडायचा प्लग केला.

यार्डात जायचं असेल तर मेच्या शेवटी जावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिनं उघडी. दोन महिन्यांत एरवीच्या वर्षाइतकं बघायला मिळतं. कोंकणी कानावर पडली की महिन्याभरात समजते, कारवारच्या बाजूला गेलात तर आपलं कन्नड उपयोगी पडतं. पोहता आलंच पाहिजे, ते आधी मलप्रभेत शिकून घ्या. सामानात तीन मीटर पारदर्शक पाईप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

आणि एक सवय मिस्त्रीची. सीकॉक बंद केला की इंजिनाची चावी काढून तो सीकॉकच्या दांड्याला अडकवायचा. चावी हवी असेल तर खाली वाकून तिथपर्यंत जावंच लागायचं. मी अजून तसंच करतो.